आरसीवर ‘पेट्रोल/सीएनजी’ येईपर्यंत

गाडीत सीएनजी किट एका दिवसात बसतं. आरसीवर त्याची नोंद व्हायला मात्र आठवडे जातात, आणि काम अडतं ते बहुतेक वेळा कागदावरच्या एखाद्या आकड्यापाशी. पुण्यात २०१८ सालच्या, ११९७ सीसीच्या, बीएस-४ या प्रदूषण मानकाच्या पेट्रोल हॅचबॅकचं हे काम सुरुवातीपासून शेवटपर्यंत केलं, त्याचा हा क्रम. गाडीवर बँकेचं कर्ज होतं, म्हणून एक कागद जास्त लागला.

‘सीएनजी केली की टॅक्सचा फरक परत मिळतो ना?’ हा पहिला प्रश्न असतो. मिळत नाही. महाराष्ट्रात सवलत आहे ती कंपनीतूनच सीएनजी घेऊन येणाऱ्या नव्या गाडीला. वैयक्तिक वापराच्या, १० लाखांच्या आतल्या पेट्रोल गाडीला एकरकमी मोटार वाहन कर ११ टक्के बसतो. तशाच सीएनजी गाडीला तो ७ टक्के होता, १ जुलै २०२५ पासून ८ झाला. म्हणजे ८ लाखांच्या गाडीवर फरक २४ हजारांचा. आधी तो ३२ हजारांचा होता. जुन्या पेट्रोल गाडीत किट बसवणाऱ्याने ११ टक्के आधीच भरलेले असतात, ते गेले. त्याच्या वाट्याला राज्याची येते ती एकच सवलत, आणि ती पंपावर: १ एप्रिल २०२२ पासून सीएनजीवरचा व्हॅट १३.५ वरून ३ टक्क्यांवर आला. तेव्हा किट परवडतं की नाही हा हिशेब निव्वळ किलोमीटरचा आहे. पेट्रोलवर लिटरला १५ देणारी गाडी गॅसवर किलोला साधारण २० ते २२ देते. महिन्याचं रनिंग ५०० किलोमीटर असेल तर किटच्या नादी लागू नये, हे स्पष्ट सांगतो. १५०० च्या पुढे असेल तर पुढचं वाचा.

कायद्याचं मूळ मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मध्ये आहे. गाडीत असा बदल करायचा नाही की आरसीवरचा तपशील कंपनीच्या मूळ तपशिलापेक्षा वेगळा होईल, हा नियम. त्याच कलमात अपवाद दिलाय: दुसऱ्या इंधनावर चालवण्यासाठी कन्व्हर्जन किट बसवता येतं, ठरवून दिलेल्या अटी पाळून. बदल केल्यावर १४ दिवसांत आरटीओला कळवायचं. गाडीवर कर्ज असेल तर बँकेची लेखी संमती आधी घ्यायची. आणि कलम १८२अ प्रमाणे, परवानगी नसलेला बदल केला तर मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलामागे ५ हजार दंड, किंवा दोन्ही. बीएस-६ गाड्यांना बराच काळ बाहेरून किट बसवायला परवानगीच नव्हती. ती ऑगस्ट २०२२ च्या केंद्रीय अधिसूचनेने मिळाली. त्यामुळे ‘बीएस-६ ला चालत नाही’ असं ठासून सांगणारे अजून भेटतात, आणि ‘कुठलंही किट कुठल्याही बीएस-६ ला चालतं’ असं सांगणारेही. दोघंही चूक.

किट कुठलं चालतं हे ठरतं टाइप ॲप्रूव्हलच्या कागदावर. किट बनवणारी कंपनी आपलं किट एआरएआय किंवा आयकॅटसारख्या मान्यताप्राप्त संस्थेकडून तपासून घेते. पुण्यात ज्या टेकडीवर लोक सकाळी फिरायला जातात आणि जिला सर्रास ‘एआरएआयची टेकडी’ म्हणतात, ते नाव याच संस्थेचं. या कागदावर तीन गोष्टी बघायच्या: तुमच्या गाडीची कंपनी आणि सीसी त्यात बसते का, बीएस-४ की बीएस-६ हे स्पष्ट लिहिलंय का, आणि मान्यतेची तारीख. मान्यता तीन वर्षांची असते, मग नूतनीकरण. किट बसवण्याच्या दिवशी ती जिवंत हवी. दुकानात दोन महिने पडून राहिलेलं किट स्वस्तात मिळतं त्यामागे कधीकधी हेच कारण असतं. गॅरेजवाल्याला ‘सर्टिफिकेटची झेरॉक्स दाखवा’ म्हटलं आणि तो ‘ते सगळं आम्ही बघतो’ म्हणाला, तर उठून यावं.

गॅरेज त्या किट कंपनीचं अधिकृत फिटमेंट सेंटर असायला हवं, कारण सरकारच्या ‘वाहन’ पोर्टलवर किट आणि टाकीची माहिती तेच आपल्या लॉगिनमधून भरतं. हाताने कितीही चांगलं काम करणारा फिटर असला आणि त्याच्याकडे हे लॉगिन नसलं, तर तो दुसऱ्याच्या नावावर नोंद घालतो. कागदावर एक गॅरेज आणि प्लेटवर, म्हणजे टाकीजवळ लावलेल्या नोंदीच्या पट्टीवर, दुसरं, असं होऊन बसतं.

किटबरोबर टाकी येते, पण कायद्याच्या दृष्टीने टाकीचं घराणं वेगळं. किट परिवहन खात्याच्या नियमांत बसतं, टाकी गॅस सिलिंडर नियम, २०१६ मध्ये, म्हणजे नागपुरात मुख्यालय असलेल्या पेसो या केंद्राच्या स्फोटक सुरक्षा संस्थेच्या अखत्यारीत. हॅचबॅकच्या डिकीत बहुधा ६० लिटर पाण्याच्या क्षमतेची पोलादी टाकी बसते. २०० बार दाबाला तिच्यात कागदोपत्री दहाएक किलो मावतं, पंपावर प्रत्यक्षात ८ ते ९. रिकामी टाकीच पन्नास-साठ किलोची, तेव्हा मागचं सस्पेन्शन आधीच बसलेलं असेल तर ते अगोदर करून घ्यावं.

टाकीच्या खांद्यावर नंबर ठोकलेला असतो. हा नंबर पुढच्या सगळ्या कागदांचा कणा आहे, म्हणून टाकी ब्रॅकेटला आवळण्याआधीच तो टिपून घ्यावा. रंगाखाली अक्षरं बुजलेली असतात. त्यावर खडू घासायचा आणि वरचा थर फडक्याने हलकेच पुसायचा, की खाचेत पांढरं राहतं आणि नंबर उठून दिसतो. मग फोटो. टाकी एकदा बसली की नंबर सीटच्या पाठीकडे किंवा खाली वळतो आणि इन्स्पेक्टरपुढे मोबाइलचा टॉर्च लावून डिकीत डोकं घालावं लागतं. या गाडीच्या टाकीच्या नंबरात शेवटून दुसरा आकडा ८ होता आणि फिटमेंट सर्टिफिकेटवर ३ टाइप झाला होता. चूक गॅरेजमध्येच सापडली म्हणून पाच मिनिटांत सुटली. हीच चूक पोर्टलवर चढली असती तर नोंद रद्द करून पुन्हा भरावी लागली असती.

आता बसवण्याकडे. त्याआधी गाडी पेट्रोलवर निर्दोष हवी. गॅस पेटवायला ठिणगीला जास्त व्होल्टेज लागतं, त्यामुळे पेट्रोलवर कसंबसं चालवून घेणारी कमजोर कॉइल गॅसवर चढावाला लगेच मिस मारते आणि दोष किटच्या माथी जातो. नवे प्लग घातले, गॅप ०.८ मिमी ठेवली, एअर फिल्टर बदलला, स्कॅनर लावून जुने एरर कोड नाहीत हे पाहिलं.

टाकीचं ब्रॅकेट नुसत्या डिकीच्या पत्र्याला आवळू देऊ नये. बोल्ट खाली चेसिसच्या मेंबरपर्यंत जावेत, आणि जिथे पत्र्यातूनच न्यावे लागतात तिथे खालून जाड पट्टी हवी. जोराने ब्रेक लागल्यावर साठ किलोचं लोखंड पुढच्या सीटकडे यायला बघतं, त्याला धरून ठेवणारं एवढंच असतं. टाकीच्या तोंडावरच्या व्हॉल्व्हवर प्लॅस्टिकची पिशवी, म्हणजे व्हेपर बॅग, बसते आणि तिच्यातून निघालेल्या नळ्या तळाला भोक पाडून गाडीबाहेर जातात. व्हॉल्व्हला कधी गळती लागली तर गॅस डिकीत न साठता बाहेर पडावा, हे तिचं काम. ही पिशवी ‘सामान ठेवायला आड येते’ म्हणून काढून टाकलेल्या गाड्या दिसतात. इन्स्पेक्शनला गाडी परत पाठवण्याचं हे एक हमखास कारण.

टाकीपासून इंजिनपर्यंत जाड भिंतीची पोलादी नळी गाडीच्या पोटाखालून जाते. तिला ठरावीक अंतरावर क्लिपा, सायलेन्सरपासून लांब, आणि दोन्ही टोकांना एक-दोन वेटोळी, म्हणजे हादऱ्याने जोड सैल होत नाहीत. जोड फेरूलचे, म्हणजे नळीवर आवळून बसणाऱ्या धातूच्या कडीचे, असतात. साबणाच्या पाण्याला बुडबुडा आला की फिटर पाना लावून अजून अर्धा आटा आवळतो. तसं करू देऊ नये. जास्त आवळलेलं फेरूल नळीत रुततं आणि महिन्याभराने तिथेच पुन्हा गळतं. नळी कापून नवं फेरूल घालणं हाच इलाज.

रिड्यूसर दोनशे बारचा गॅस इंजेक्टरला झेपेल अशा दाबावर, सिक्वेन्शियल किटमध्ये साधारण दोन बारवर, आणतो. दाब एवढा एकदम उतरला की गॅस गार पडतो, इतका की रिड्यूसर गोठू शकतो. म्हणून त्यातून इंजिनचं गरम कूलंट फिरवतात. सकाळी गाडी पेट्रोलवर सुरू होते आणि कूलंट तापल्यावरच गॅसवर जाते, तेही यामुळेच. कूलंटच्या होजमध्ये टी, म्हणजे तीन तोंडांचा जोड, घातल्यावर हवा काढणं हे सगळ्यात जास्त चुकणारं काम. हवा अडकली की रिड्यूसर तापत नाही, गाडी घाटात धक्के देते, आणि इंजिनचं तापमान उगाच वर-खाली होतं. गाडी ताब्यात घेण्याआधी थंड इंजिनवर कूलंटची पातळी बघावी आणि दुसऱ्या दिवशी सकाळी परत बघावी.

इंजेक्टर रेलपासून येणारे चार नोझल इनटेक मॅनिफोल्डला भोकं पाडून बसवतात. मॅनिफोल्ड उतरवून भोकं पाडा, असं ठामपणे सांगावं. जागेवरच ड्रिल मारलं तर किस आत पडतो आणि पुढे व्हॉल्व्हच्या सीटवर जातो. वायरिंगमध्ये इंजेक्टरच्या वायरी कापून पिळून टेप गुंडाळायची जुनी सवय आहे. कनेक्टरवाली हार्नेस मिळते, तीच घ्यावी. दोन पावसाळ्यांनंतर टेपखालची तांब्याची तार हिरवी पडते आणि मग गाडी कधी तीन सिलिंडरवर, कधी चारवर चालते.

ट्यूनिंगची परीक्षा सोपी आहे, फिटरकडून लॅपटॉपवर दाखवून घ्या. ठरावीक आरपीएमला पेट्रोलवर इंजेक्शनचा वेळ किती मिलिसेकंद येतो ते बघायचं. मग गाडी गॅसवर टाकायची. गाडीचा मूळ ईसीयू, म्हणजे इंजिन चालवणारा संगणक, अजूनही पेट्रोलचाच वेळ मोजत असतो आणि गॅसचा ईसीयू त्यावरून आपला वेळ काढतो. गॅसवर गेल्यावर पेट्रोलचा तो आकडा हलला नाही तर मिश्रण बरोबर. वाढत गेला तर गॅस कमी पडतोय, घटला तर जास्त होतोय. हे उभ्या गाडीवर जमलं तरी पुरेसं नाही. फिटरला लॅपटॉपसह शेजारी बसवून तिसऱ्या-चौथ्या गिअरमध्ये चढावर बघावं लागतं. ही फेरी टाळली की पंधरा दिवसांत चेक इंजिनचा दिवा लागतो, कोड बहुधा पी०१७१ किंवा पी०१७२, म्हणजे अनुक्रमे मिश्रण पातळ किंवा दाट.

आता कागद. गॅरेजने द्यायचे ते: फिटमेंट सर्टिफिकेट, किटच्या टाइप ॲप्रूव्हलची प्रत, टाकीचं टेस्ट सर्टिफिकेट, बिल. मालकाचे: आरसी, चालू इन्शुरन्स, चालू पीयूसी, ओळख आणि पत्त्याचा पुरावा, चेसिस नंबरची पेन्सिल प्रिंट, आणि कर्ज असल्यास बँकेचं ना-हरकत पत्र. हे पत्र किट बसवण्याच्या आधीच्या तारखेचं हवं. बँकेच्या शाखेत ‘एनओसी’ एवढंच मागितलं की कर्ज फिटल्यावर बोजा उतरवायचं पत्र समजून ते हात झटकतात. अर्जात ‘सीएनजी किट बसवून आरसीवर इंधन बदलाची नोंद करण्यास संमती’ असं पूर्ण वाक्य लिहा, गाडीचा नंबर आणि लोन खात्याचा नंबर घाला. या गाडीला ते पत्र यायलाच दहा दिवस लागले. म्हणून बँकेकडे आधी, गॅरेजकडे नंतर.

क्रम असा: गॅरेज पोर्टलवर किट आणि टाकीची नोंद करतं. मग मालक वाहन पोर्टलवर गाडीतील बदलाची, म्हणजे आल्टरेशनची, सेवा निवडून अर्ज भरतो, फी भरतो, कागद अपलोड करतो. ओटीपी आरसीला जोडलेल्या मोबाइलवर येतो, तो नंबर जुना असेल तर पहिली पायरी तिथेच अडते. थकलेली ई-चलानं आधीच भरून टाकावीत, इन्शुरन्स आणि पीयूसीची मुदत अर्जाच्या दिवशीच नाही तर मंजुरीपर्यंत पुरेल अशी बघावी. १४ दिवस मोजले जातात ते किट बसवल्याच्या तारखेपासून. फिटमेंट सर्टिफिकेटवर तारीख एक आणि बिलावर दुसरी असा घोळ होऊ देऊ नये. गॅरेजवाले बिल ॲडव्हान्स घेतल्याच्या दिवशी फाडतात, तिथून हा फरक पडतो.

मग गाडी आरटीओत दाखवायची. इन्स्पेक्टर चेसिस नंबर, टाकीचा नंबर, प्लेट, व्हेपर बॅग आणि नळीची बांधणी बघतो. सगळं जुळलं तर हे दहा मिनिटांचं काम. न जुळण्याची कारणं ठरलेली: टाकीच्या नंबरातला एक आकडा, किटच्या मान्यतेची उलटलेली तारीख, बँकेचं पत्र नंतरच्या तारखेचं, आणि आरसीवरचं आडनाव एका स्पेलिंगचं तर आधारवर दुसऱ्या. एजंट यातलं काहीच दुरुस्त करू शकत नाही, तो फक्त रांगेत उभा राहतो. कागद जुळत असतील तर त्याची गरज नाही, आणि जुळत नसतील तर त्याचा उपयोग नाही.

मंजुरी मिळाली की पोर्टलवर इंधनाच्या रकान्यात ‘पेट्रोल/सीएनजी’ दिसतं. कार्ड टपालाने नंतर येतं, पण इन्शुरन्सचं काम कार्डासाठी थांबवू नये. पॉलिसीवर किटची नोंद, म्हणजे आयएमटी-२५ हे एंडोर्समेंट, करून घ्यायचं. मोटार टॅरिफप्रमाणे किटच्या किमतीवर ४ टक्के ओन डॅमेजमध्ये, म्हणजे स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या भागात, आणि थर्ड पार्टीत वर ६० रुपये. किट ५० हजारांचं धरलं तर वर्षाला दोन हजार साठ रुपये आणि त्यावर जीएसटी. हे वाचवून आग लागल्यावर सर्व्हेअरसमोर उभं राहण्यात काही शहाणपण नाही. पॉलिसीवर पेट्रोल आणि डिकीत टाकी, हे त्याच्या डोळ्यांना पहिलं दिसतं. पीयूसीही नवी काढावी, दोन्ही इंधनांवरच्या तपासणीची.

रोजच्या वापरातलं थोडक्यात. पेट्रोलची टाकी पाव तरी भरलेली ठेवा. किटने पेट्रोलचे इंजेक्टर बंद केले तरी पंप बहुतेक गाड्यांत फिरतच राहतो आणि पेट्रोलमध्ये बुडालेला नसला की तापून जातो. आठवड्यातून काही किलोमीटर मुद्दाम पेट्रोलवर चालवा, नाहीतर इंजेक्टर चिकटतात. कमी दाबाच्या बाजूचा गॅस फिल्टर किट कंपनीने सांगितलेल्या अंतरावर बदला, तेलकट गाळ तिथेच अडतो. गॅसवर व्हॉल्व्हच्या सीट लवकर झिजतात, म्हणून शिम किंवा स्क्रूच्या टॅपेटच्या, म्हणजे गॅप हाताने लावाव्या लागणाऱ्या, इंजिनात टॅपेटची गॅप बघत राहा. गॅप वाढण्याऐवजी कमी होत जाते, त्यामुळे आवाजावरून काही कळत नाही. भर उन्हात, रांगेच्या शेवटी भरलेला गॅस कमी भरतो, कारण पंपाचा दाब उतरलेला असतो आणि टाकी तापलेली. गेज १६० बार दाखवत असेल तर मीटरवर ९ किलोची अपेक्षा धरू नका.

तीन वर्षांनी टाकीची हायड्रो टेस्ट. पेसोची मान्यता असलेल्या केंद्रातच करायची. टाकी उतरवून, गॅस काढून, पाणी भरून दाब देतात. दाबाखाली ती किती फुगली आणि दाब काढल्यावर किती परत आली हे मोजतात. टाकी उतरवायची, न्यायची, आणायची आणि पुन्हा बसवायची यात बहुधा एक-दोन दिवस जातात. गाडी विकताना काही जण किट काढून नव्या गाडीत घालायचा विचार करतात. तेव्हा जुन्या आरसीवरची नोंद उतरवायला तीच सगळी पायपीट उलट्या दिशेने करावी लागते, आणि ते किट नव्या गाडीच्या सीसीत बसेलच असं नाही.

टेस्ट झाल्यावर नवी तारीख प्लेटवर चढते. ही छोटी पत्र्याची पट्टी टाकीजवळ किंवा फिलिंग व्हॉल्व्हपाशी असते: गाडीचा नंबर, टाकीचा नंबर, पाण्याची क्षमता, बसवल्याची तारीख, पुढच्या टेस्टची तारीख. पंपावर सगळ्यांना खाली उतरवून, इंजिन बंद करून, नोझल लावण्याआधी पोरगा वाकून बघतो ती हीच पट्टी. मुदत संपली असेल तर तो नोझल परत हुकावर अडकवतो आणि मागच्या गाडीला पुढे यायची खूण करतो.